घरजावयाचे गोल खांब

पडवीचा उजवा खांब एका मंगळवारी सकाळी कुणी हात न लावता मोडला. मी चुलीपाशी होते. आधी कुरकुर ऐकू आली, मग धप्प झालं आणि पुढचं गवती छप्पर असं खाली आलं की वाळत घातलेलं सूपभर मक्याचं पीठ आणि एक कोंबडी दोन्ही त्याखाली गडप झाली. कोंबडी शिव्या देत बाहेर आली. पीठ गेलं ते गेलंच. निलगिरीचा तो खांब मी उचलून पाहिला तर वरून लाकूड, आत नुसती वाळवीची माती.

दुपारच्या आत ही बातमी गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या भावापर्यंत पोचली. सांदिफोलो हातात काठी घेऊन आला, लोंबणाऱ्या छपराखाली वाकून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बरं झालं आजच पडलं, पाव्हणं. पुढच्या महिन्यात पाहुण्यांच्या डोक्यावर पडलं असतं तर?"

बिझेक घोंगावणाऱ्या माश्या हाकलत खांबाचे तुकडे गोळा करत होता.

"आपल्या पोरीची, तालांदिराची सोयरीक माझ्या पडवीत करू," सांदिफोलो म्हणाला. "कोंबडा तिथंच घेऊ. जागाही मोठी आहे."

आमच्याकडे मुलगी सासरी जात नाही, नवरा बायकोच्या गावी येतो. शेत बायकोच्या माहेरचं, घर माहेरचं, मुलंही माहेरचीच. मुलामुलींची लग्नं मामा ठरवतो, मामाच बोलतो, म्हणून थोरला मामा तेवढा आपल्याच गावात राहतो. मुलाकडचा मामा कोंबडा घेऊन येतो, मुलीचा मामा तो हातात घेतो, की सोयरीक पक्की. बाप असतो. पण तो इतर जावयांबरोबर स्वयंपाकघराच्या मागं बसतो, पाणी भरतो, कोंबड्या सोलतो. बिझेक तेवीस वर्षांपूर्वी टेकडीपलीकडून एक सायकल आणि गुंडाळलेली चटई घेऊन आला, तेव्हापासून त्यानं माझ्या माहेरच्या जमिनीवर घर बांधलं, कणगी बांधली, विहिरीचा काठ बांधला. गावच्या बैठकीत त्याचं नाव अजून 'एनिफाचा नवरा' असंच आहे. त्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणतो. मला वाटतं. मुलीचा कोंबडा निदान त्यानं बांधलेल्या दारात घेतला जावा, एवढं मला हवं होतं. आणि तेही आता भावाच्या दारी जायला निघालं होतं.

"अडीच आठवडे आहेत," बिझेक हळूच म्हणाला. "पडवी उभी करतो."

"कशावर? तुमच्या टोपीवर?"

"विटांच्या खांबांवर. गोल."

सांदिफोलो मोठ्यानं हसला. "गोल! पाव्हणं, वीट जन्मताच चौकोनी. ती काय शिजल्या पिठाचा, नसिमाचा गोळा आहे, हातानं वळायला?"

"मिशनच्या दवाखान्याला आहेत तसे."

"ते गोऱ्यांनी बांधले. यंत्रानं कापून."

"कापल्या माणसांनीच असतील," बिझेक म्हणाला.

माझ्या भावाला वाद आवडत नाही, पैज आवडते. काठी जमिनीवर आपटून तो म्हणाला, "सोयरीक शनिवारी. आदल्या शुक्रवारी मी येईन. खांब उभे असले तर चटया इथं टाकू. नसले तर माझ्याकडं, आणि मग बहिणीनं तोंड वाकडं करायचं नाही."

"करणार नाही," मी म्हणाले.

*

विटा आमच्याकडे होत्या. गेल्या वर्षी शेताच्या कडेला वारुळाच्या मातीच्या विटा थापून आम्ही भट्टी लावली होती, तिची निम्मी रास तशीच उभी होती. बिझेकनं अंगणात खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि राखेनं एक वर्तुळ काढलं, माणसाच्या कवेत सहज मावेल एवढं. त्याचे आठ भाग केले. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एका भागाचा नमुना केला. बाहेरून वीतभराला थोडा कमी, आत निमुळता होत जाणारा, पाचरीसारखा.

"एका थराला आठ," तो म्हणाला. "वीस थर. दोन खांब."

"तीनशे वीस," मी म्हणाले.

"तीनशे वीस," तो म्हणाला आणि हातोडी शोधायला गेला.

छिन्नी त्यानं डेड्झाच्या बाजारातून आणलेली, ट्रकच्या मोडक्या पाट्याची. हातोडी घरचीच. पहिली वीट त्यानं दारातल्या दगडावर ठेवली, नमुना लावून रेघ मारली, छिन्नी धरली आणि घाव घातला. विटेचे पाच तुकडे झाले. दुसरीचे तीन. तिसरीचा कोपरा उडून त्याच्या नडगीला लागला. वीट भाजली की तिला जिकडं जायचं तिकडंच जाते, रेघ कुणी मारली याचं तिला काही देणंघेणं नसतं. संध्याकाळपर्यंत बत्तीस विटा मोडल्या आणि तीन जमल्या. तिसरी जमली म्हणायचं इतकंच.

माझी मामेबहीण दोलिका पाण्याची घागर डोक्यावर घेऊन कुंपणाशी थांबली. आमच्यात मामेबहिणीला काहीही बोलायची मुभा असते आणि दोलिकानं ती आयुष्यात कधी वाया घालवली नाही.

"एनिफा," ती म्हणाली, "नवऱ्याला सांग, खडीच हवी असेल तर नदीवर फुकट मिळते."

"तुझ्या नवऱ्यानं आजवर काय कापलंय गं?" मी म्हणाले. "झोपेशिवाय काही मोडलंय का त्यानं?"

ती खदाखदा हसत गेली. बिझेकनं अंगठा तोंडात धरला होता. नख काळं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला सऱ्या काढायला शेतात जावंच लागलं. पेरणी कुणाच्या खांबांसाठी थांबत नाही. मी भट्टीपाशी गेले आणि विचार केला की मधल्या विटा एवढ्या हट्टी आहेत तर कडेच्या पाहू. कडेच्या विटा फिक्या, नारिंगी. मी कोयता मारला. रताळ्यात शिरावा तसा तो आत गेला. आणखी एक. तीही तशीच. मी नमुना लावून दोन बाजू तासल्या आणि हातात अशी सुबक पाचर आली की मी एकटीच मोठ्यानं "आई गं" म्हणाले.

दुपारपर्यंत माझ्या तीस विटा झाल्या. बिझेक पायाला माती माखून परत आला तेव्हा मी भुवयांपर्यंत लाल धुळीनं भरले होते, मांडीवर कोयता आणि पुढं राखेच्या वर्तुळात आठ विटा मांडलेल्या, फट कुठं दिसत नव्हती.

त्यानं त्यातल्या दोन उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. खट असा बसका आवाज आला. त्यानं पुन्हा आपटल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"वा," तो म्हणाला.

"नुसतं वा?"

"वा, एनिफा," तो म्हणाला, आणि विटा जागच्या जागी ठेवल्या.

पाच दिवसांत आम्ही एकशे नव्वद पाचरी कापल्या. मी कापायची, तो कडा घासायचा. घरासमोरून जाणाऱ्याला मी मुद्दाम हाक मारायची, "या, बघून जा!" माणूस फुशारक्या मारतो तेव्हा त्याला ऐकायला कुणीतरी लागतंच, आणि मी सगळ्या गावाला कामाला लावलं होतं. रविवारी आम्ही अर्ध्या कापलेल्या पिंपात पाणी भरलं आणि पहिल्या चार थरांच्या विटा भिजत टाकल्या. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी पिऊन टाकते, म्हणून ती आधी भिजवायची असते.

सोमवारी सकाळी मी पिंपात हात घातला. बोटांना गाळ लागला. मी कोपरापर्यंत हात खाली नेला, तळाशी चाचपलं. माझ्या पाचरींची टोकं गेली होती, कडा गेल्या होत्या, उरले होते साबणाच्या वड्यांसारखे गुळगुळीत तुकडे. उचलला की तोही हातात विरघळत होता. कडेच्या विटांना आग पोचलेलीच नसते. हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण हाताला यश मिळत असलं की डोकं कुठं काय आठवतंय.

नेमका त्याच वेळी सांदिफोलो आला, पाहुणे चाळीस असतील हे सांगायला. त्याच्यामागं दोलिका, आणि दोलिकाच्या मागं अजून दोघी. मी लाल हात तसाच घेऊन उभी होते. भावानं पिंपात डोकावून पाहिलं, एक बोट बुडवलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"रंग छान आहे," तो म्हणाला. "भिंती सारवायला घ्या. कच्च्या विटा कुणी निवडल्या?"

मी तोंड उघडलं.

"मी," बिझेक म्हणाला.

"मला वाटलंच. टेकडीपलीकडं विटा भाजत नसतील. उन्हात ठेवून देत असतील, नाही का पाव्हणं?"

बायका हसल्या. बिझेकनं माझ्याकडं असं पाहिलं की मी उघडलेलं तोंड मिटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

ते गेल्यावर मी पिंप लाथेनं कलंडवलं. अंगणभर लाल चिखल पसरला.

"तुम्ही का सांगितलंत तुम्ही निवडल्या म्हणून?"

"मला आवाज कळला होता," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. खट वाजली होती, खण नाही."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "तू हसत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, खांब छपराखाली असतील, पाऊस लागणार नाही."

मला इतका राग आला, आणि त्या रागाच्या खाली इतकं काही दाटून आलं, की मी त्याच्याकडं पाठ केली. चिखलात एक वीट पडली होती. अख्खी, टोकदार कडांची, काळसर लाल. मधली पक्की वीट चुकून कडेच्यांबरोबर पिंपात गेली असणार. रात्रभर पाण्यात राहून तिला काही झालं नव्हतं. मी ती उचलली आणि दाराशी मक्याच्या कोंड्याचं पोतं होतं, त्यावर आदळली. "निदान तू तरी!" म्हणाले आणि छिन्नी लावून दिला एक घाव.

वीट दुभंगली. रेघ मारल्यासारखी, सरळ. तुकडे उडाले नाहीत, धूळ उडाली नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पुन्हा मार," बिझेक म्हणाला.

"भिजलेली कुठाय दुसरी?"

तो पिंप घेऊन विहिरीकडं पळाला. तेवीस वर्षांत त्याला पळताना मी दोनदा पाहिलंय. एकदा तालांदिराच्या वेळी सुईणीकडं, आणि हे.

*

शुक्रवारला अकरा दिवस उरले होते. मधल्या विटा काढायच्या, एकमेकींवर वाजवायच्या, खण म्हणाली तीच घ्यायची, दिवसभर भिजवायची. मग नमुना लावून खिळ्यानं चारही अंगांनी चर पाडायचा. वीट कोंड्याच्या पोत्यावर ठेवायची. दगडावर ठेवली तर घाव खालून उलटा येतो आणि विटेला आतून फोडतो, कोंडा तो गिळून टाकतो. छिन्नीनं चरावर हलके हलके ठोकत जायचं, एक अंग झालं की वळवायची. खण खण खण असा आवाज येत राहतो, आणि मग एकाएकी घोगरा होतो. घोगरा झाला म्हणजे आतून सुटली. आता एकच घाव.

हा घोगरा आवाज ओळखायला आम्हाला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी पाठमोरी असले तरी सांगायची, "आता."

मी वीट धरायची आणि वळवायची, तो ठोकायचा. चौथ्या दिवशी त्याचं मनगट सुजून केळफुलासारखं झालं, तेव्हा आम्ही जागा बदलल्या. माझे घाव त्याच्यापेक्षा नेमके बसतात असं दिसलं. बाई आयुष्यभर उखळात मुसळ मारते, तिला ठाऊक असतं किती जोर लावायचा आणि कुठं थांबायचं. बिझेकनं हे मनात ठेवलं नाही. दोलिका कुंपणाशी आली तसा तो म्हणाला, "घाव हिचा चांगला बसतो. माझ्याहून चांगला."

"ते आम्हाला लग्नापासून ठाऊक आहे," दोलिका म्हणाली. पण या वेळी तिनं घागर खाली ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. जाताना दोन घागरी पाणी पिंपात ओतून गेली.

तालांदिरा जात्याच्या जुन्या दगडावर पाणी शिंपडून कडा घासायची. तिची नखं झिजून बोटांच्या आत गेली.

"नवरीचे हात बघा," मी म्हणाले. "पाहुणे म्हणतील, ही मुलगी दगड खाते."

"म्हणू देत," ती म्हणाली. "माझ्या बाबांचे खांब आहेत."

एकदा एक कपची उडून बिझेकच्या डोळ्यात गेली. त्याला खाली बसवून मी कमरेच्या चितेंजेचं टोक ओलं केलं, पापणी उलटवली आणि ती हलकेच टिपून काढली. डोळा दिवसभर गळत होता. तो एका डोळ्यानं खिळ्याचा चर पाडत राहिला. माझे खांदे रात्री कुशीवर वळू देत नव्हते, विटेच्या धुळीनं थुंकी लाल यायची, आणि उन्हाचा तो महिना असा की दुपारी छिन्नीला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता यायचा नाही. पण काय सांगू, त्या अकरा दिवसांत मी जेवढी सुखी होते तेवढी क्वचितच असेन. सकाळी उठलं की पुढं काय करायचं ते हातांना ठाऊक असायचं.

पायासाठी बिझेकनं गुडघाभर खड्डे घेतले, अख्ख्या विटांचा पाया भरला. सहाव्या दिवशी पहिला गोल थर बसला. गारा वारुळाच्या मातीचा, हातानं मळलेला. मध्ये जी पोकळी राहायची तिच्यात पहिल्या दिवसापासूनच्या मोडक्या विटांचे तुकडे ठासून भरले, तेवढा तरी त्यांचा उपयोग झाला. ओळंबा म्हणून दोरीला सायकलचा नट बांधला होता. प्रत्येक थराची फट खालच्या विटेच्या मधोमध यायला हवी, म्हणून तो थर लावला की दोन पावलं मागं जायचा, डोळे बारीक करायचा, परत यायचा आणि एखादी वीट केसभर सरकवायची म्हणून अख्खा थर उचलायचा.

"कुणाला दिसणार आहे ते?" मी वैतागून म्हणायची.

"मला," तो म्हणायचा.

गुरुवारी उन्हं कलताना दुसऱ्या खांबाचा विसावा थर बसला. तीन जावयांना बोलावून त्यानं आडवी तुळई वर चढवली, छपराचा पुढचा भाग उचलून तिच्यावर टेकवला. गवत नीट कातरलं. मी पडवीची जमीन शेणानं सारवली. मग आम्ही अंगणात मागं जाऊन उभे राहिलो. दोन लाल खांब, गोल, जमिनीतून उगवल्यासारखे. मी बघत राहिले. असं देखणं काही माझ्या घराला कधी असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि यातल्या अर्ध्या विटा माझ्या हाताखालून गेल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी सांदिफोलो आला. पहिल्या खांबाला प्रदक्षिणा घातली, दुसऱ्याला घातली. नखानं फट खरवडून पाहिली. मग काठी भिंतीला टेकवली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि खांबाला खांदा लावून बैलासारखा जोर केला. खरोखर केला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी कोट छातीशी घट्ट धरला. बिझेक मात्र हात बांधून शांत उभा होता.

खांब हलला नाही. छपरातून दोन काड्या तेवढ्या पडल्या.

सांदिफोलोनं खांद्याची माती झटकली, कोट घातला. "चटया किती आहेत तुमच्याकडं?" त्यानं मला विचारलं.

"नऊ."

"माझ्याकडच्या सहा पाठवतो," म्हणाला आणि गेला.

*

शनिवारी पाहुणे दहा वाजता आले. चाळीस म्हटले होते, पन्नास आले. पुरुष पडवीत चटयांवर, बायका अंगणात. पडवीच्या मधोमध माझा भाऊ नव्या टोपीत. त्याच्या समोर मुलाचा मामा, जेमुसी नावाचा वाळका म्हातारा, काखेत पांढरा कोंबडा. आणि बिझेक रीतीप्रमाणे स्वयंपाकघराच्या मागं, जावयांच्या घोळक्यात, गरम पाण्यात कोंबड्या बुडवून पिसं काढत होता. स्वतः बांधलेली पडवी त्याला तिथून दिसतही नव्हती. मी अंगणात बायकांत गुडघ्यांवर बसले होते. चटया इथं पडल्या, माझ्या मनासारखं झालं, आणि तरी तो मागंच.

बोलणी सुरू व्हायची होती. मुलाच्या मामानं म्हणायचं असतं, आमचा कोंबडा तुमच्या अंगणात दाणे टिपायला येऊ पाहतोय. पण जेमुसी खांबाला टेकून बसला होता तो वळला, एका हातानं खांब चाचपू लागला. वर, खाली. बोट फटींवरून फिरवत नेलं. लोक खाकरले.

"आमच्या कानांवर काही येऊ द्या," सांदिफोलो म्हणाला.

"थांबा," जेमुसी म्हणाला. "तरुणपणी मी जोहान्सबर्गला सहा वर्षं गवंड्यांच्या हाताखाली होतो. तिथं अशी वीट यंत्राच्या पात्यावर कापायचे. इथं यंत्र कुठून आलं?"

"यंत्र नाही," सांदिफोलो म्हणाला. "हातानं कापल्यात."

"हातानं? मधे एक फुटकी नाही, एक वाकडी नाही. कुणाच्या हातानं?"

माझा भाऊ टोपी नीट करू लागला. मला वाटलं, आता म्हणेल 'आमच्या घरच्यांनी' आणि विषय पुढं नेईल. तसं म्हटलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

"मुलीच्या बापानं," तो म्हणाला.

"मग बोलवा ना त्याला. आमचा पोरगा उद्या याच घरात राहायला येणार. बघू तरी माणूस कसा आहे."

हे रीतीत बसत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. सांदिफोलोनं क्षणभर जमिनीकडं पाहिलं, मग मान वळवून हाक मारली, "बिझेक!"

तेवीस वर्षांत मी माझ्या भावाच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. बिझेकनंही ऐकलं नसावं, कारण दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. तो आला तो कोपरापर्यंत ओला, दंडांना पिसं चिकटलेली. पडवीच्या पायरीशीच थांबला, हात मागं लपवले.

"बस बाबा," जेमुसी म्हणाला. "हे कसं केलंस ते सांग मला."

बिझेकनं माझ्या भावाकडं पाहिलं. भावानं मान हलवली. बिझेक पायरीवर टेकला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"पहिल्यांदा बत्तीस मोडल्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दगडावर ठेवत होतो. तिथं चुकलं."

"हं," जेमुसी म्हणाला. "आम्ही वाळूवर ठेवायचो."

"आम्ही कोंड्यावर. ते हिनं शोधलं." त्यानं पन्नास माणसांपुढं माझ्याकडं बोट केलं. बायकांनी माझ्याकडं माना वळवल्या आणि दोलिकानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "घावसुद्धा निम्मे हिचेच आहेत. तुम्ही टेकलात ना, त्या खांबाचे वरचे दहा थर हिचे."

म्हातारा सरकून बसला आणि खांबाकडं नव्यानं पाहू लागला. आणि मग माझा नवरा बोलू लागला. बैठकीत ज्याचा शब्द मी कधी ऐकला नाही, जो गावात बोलतो तेव्हा आधी टोपी काढतो, तो बोलू लागला. विटेचा आवाज कसा ओळखायचा, चर किती खोल, खिळा कुठला, पाणी किती वेळ, घोगरा सूर कधी लागतो. हात मागून पुढं आले, हवेत वीट धरून वळवू लागले, पिसं उडू लागली. मुलाकडचे तरुण पुढं सरकले. कुणी विचारलं, पाया केवढा? त्यानं गुडघ्याला हात लावून दाखवलं. कुणी विचारलं, वळणावरची फट? तो उठलाच, खांबापाशी पडवीत गेला आणि दाखवू लागला. अंगणातल्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. तालांदिरा घरात आत बसून होती, नवरीनं बाहेर यायचं नसतं. दाराच्या फटीतून तिचा एक डोळा मला दिसत होता.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. मुलीच्या सोयरिकीत बापाला शब्द नसतो. आणि तो बोलत होता. मुलीबद्दल नव्हे, लग्नाबद्दल नव्हे, फक्त विटांबद्दल, त्यामुळं कुणाला हरकतही घेता येईना.

शेवटी मुलाकडच्या एका धाकट्या मामाला राहवलं नाही. ऊन चढलं होतं, कोंबडा जेमुसीच्या काखेत पंख फडफडवत होता. तो सांदिफोलोकडं वाकून म्हणाला, "मोठे भाऊ, कोंबडा द्यायचा राहिलाय अजून. वेळ होतोय."

माझ्या भावानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"कोंबड्याला कसली घाई?" तो म्हणाला. "मुलीचा बाप बोलतोय."

बिझेकनं ते ऐकलंच नाही. तो खाली बसून म्हाताऱ्याला पहिल्या थराची वीट दाखवत होता.